मेंढी ते मफलर: नवशिक्यांसाठी खात्रीशीर मार्गदर्शन

सासवडच्या पुढे एक एकर जागा घेतलीत, आंब्याची कलमं लावलीत, ती वाळून गेली. हरकत नाही, बहुतेकांची जातात. आता दहा मेंढ्या पाळा. वर्षाला डझनभर कोकरं, घरच्या लोकरीचं सूत आणि सासूबाईंना स्वतःच्या मेंढीचा मफलर, हा तुमचा हिशेब आम्हाला ठाऊक आहे. पुढच्या पायऱ्या क्रमाने गिरवा.

१. जात निवडा. व्हिडिओत पाहिलेली ती गुबगुबीत पांढरी मेंढी मेरिनो. तिचा हट्ट सोडा. एप्रिलमधल्या सासवडात तुम्हालाच बनियन सहन होत नाही. आपल्याकडे पर्याय तीन. जतकडची माडग्याळ: बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, आटपाडीच्या बाजारात तिच्या नराला लाखांची बोली लागते. लोकर मात्र जवळजवळ नाहीच. दुसरी फलटणच्या निंबकर संस्थेची नारी सुवर्णा. सुंदरबनातल्या गरोल मेंढीचं जुळ्याचं जनुक दख्खनीत आणून ही घडवली. जुळी म्हणजे दुप्पट नफा, असं रात्री दोन वाजता दुसऱ्या कोकराला बाटलीने दूध पाजताना स्वतःला बजावत राहा. तिसरी साधी दख्खनी: काळी, चिवट, अंगावर लोकर असलेली. तुम्ही हीच घ्या.

२. भांडवल उभं करा. राज्य सरकारची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. वीस मेंढ्या, एक मेंढानर, ७५ टक्के अनुदान. अर्ज भरण्याआधी पात्रतेची ओळ वाचा: ती भटक्या जमाती क प्रवर्गासाठी आहे, म्हणजे ज्यांच्या घरात मेंढी पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी पर्सनल लोन. कारणाच्या रकान्यात ‘गृहसजावट’ लिहा. मेंढ्या लिहिल्यात तर मॅनेजर चहा पाजून परत पाठवेल.

३. चारा. पावसाळा सरला की कित्येक धनगर वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पाऊस तोंडावर आला की वर येतात. रात्री ज्याच्या शेतात मेंढरं बसवतील तो लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. जनावर फुकट चरतं आणि वर कमाईही करतं, अशी ही व्यवस्था. तुम्ही याच्या नेमकं उलट करायचं आहे. कुंपण घाला आणि चारा विकत आणा. एक एकर किती दिवसांत साफ होतं ते बघताना मौज वाटेल, त्यात कलमांची खोडंही जातील. मेंढ्या शेजाऱ्याच्या मक्यात शिरल्या तर “लहान आहेत हो अजून” म्हणा. रात्री वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, लावा. लांडगा या माळावर अजून आहे, आणि त्याला तुमच्या सीसीटीव्हीचं काही वाटत नाही.

४. आजारपण. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. ओला कोवळा चारा पोटभर मिळाला की हा रोग साधतो, आणि आधी गाठतो तो सर्वांत गुटगुटीत कोकराला. म्हणजे नेमकं त्यालाच, ज्याचे फोटो तुम्ही नातेवाइकांना पाठवलेत. शिवाय पीपीआर, खुरी, जंत, गोचीड. डॉक्टरांचा नंबर पाठ करा. धनगरमामांना फोन करायला लाजू नका. ते दुरून कळपावर एक नजर टाकून आजारी मेंढी ओळखतील. तुम्हाला तोवर मेंढ्या मोजताही आलेल्या नसतील.

५. कोकरं विका. गाभणकाळ साधारण पाच महिने, म्हणजे वाट फार बघावी लागत नाही. इथे एकच नियम: नाव ठेवू नका. ठेवलंत ना? तर मग पुढे असं होतं: व्यापारी रुमालाखाली तुमची बोटं दाबून भाव सांगतो, तुम्ही गुदगुल्या समजून हसता, आणि मागून धाकटी “पिंटूला कुठे नेताय?” विचारते. आमची सहानुभूती आहे. पण मेंढीपालनाचा धंदा कोकराच्या मटणावर चालतो. पिंटू सोफ्याजवळ वाढवलात तर तुमच्याकडे धंदा नाही, एक महागडा मेंढा आहे.

६. लोकर कातरा. मेंढी आधी ओढ्यात धुवा, मग कात्री चालवा. ती गप्प पडून राहील, तुम्ही ओरडाल. वर्षातून दोनदा कातरूनही दख्खनीची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. त्यातून कुसळं, गोखरू, लेंड्या वजा करा. उरलेली विकायला नेऊ नका. भाव इतका पडलाय की कित्येक मेंढपाळांना कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही.

७. सूत काढा. पिंजा, चरख्यावर काता, चिंचोक्याची खळ द्या, खड्डामागावर विणा. सणगर घरांत हे काम वाटून होतं. तुमच्या घरात सगळं तुम्हीच करणार, कारण बाकीचे तोवर बोलायचे थांबलेले असतील. दख्खनीचा तंतू मेरिनोच्या निदान दुप्पट जाड असतो. त्याची घोंगडी होते, आणि फार उत्तम होते: पाऊस अंगावर येऊ देत नाही, वर्षानुवर्षं टिकते. मफलर होतो, पण गळ्याला तो मानवत नाही.

सासूबाईंच्या मफलरसाठी बाजारातून विणायच्या लोकरीचे चार गुंडे आणा. ती बहुतेकदा ॲक्रिलिकच असते. तिला मेंढी लागत नाही.