पाच मिनिटं द्याल का?

मानसशास्त्राच्या तृतीय वर्षातली मुलगी ओळखायला सोपी. प्रॅक्टिकलची तारीख लागली की तिला माणसं दिसेनाशी होतात; दिसतात ते नुसते प्रयोज्य. जिन्यात भेटलेल्या शेजारणीला ती आधी वय विचारते, मग शिक्षण, आणि मग थेट, "काकू, रंग नीट ओळखता येतात ना तुम्हाला?" मॅचिंग ब्लाउजपीससाठी चार-चार दुकानं पालथी घालणाऱ्या काकूंना हा प्रश्न! पण त्या काही बोलायच्या आत कार्ड पुढे आलेलं असतं.

कार्ड स्ट्रूपचं. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' तपकिरी शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. चांगली शिकलेली माणसं इथे अडखळतात, कारण डोळा अक्षरावर पडला की ते वाचलं जातंच. त्याला परवानगी लागत नाही. जॉन रिडली स्ट्रूप यांनी अमेरिकेत नॅशव्हिलच्या जॉर्ज पीबडी कॉलेजात डॉक्टरेट करताना हे सेकंदांत मोजलं आणि १९३५ साली प्रसिद्ध केलं. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला त्यांच्या विद्यार्थ्यांना सरासरी ६३ सेकंद लागले, भलत्याच शाईतल्या शंभर शब्दांचे रंग सांगायला ११०. उलट, शाई विसरून नुसते शब्द वाचायला सांगितले तेव्हा शंभरामागे फरक पडला जेमतेम २.३ सेकंदांचा. पुढच्या प्रयोगात स्ट्रूप यांनी चौकोनांच्या जागी चक्क स्वस्तिकं छापली, कारण अक्षरांसारखी त्यांच्यातही मोकळी जागा राहते. आपल्या प्रयोगकर्तीच्या कार्डावर चौकोनच असतात ते बरं. स्वस्तिक दिसलं असतं तर आजींनी आधी हात जोडले असते.

या आजी म्हणजे तिची मोठी परीक्षा. जांभळ्या शाईतला शब्द पुढे आला की त्या म्हणतात, "आमसुली." हिरव्याला, "शेवाळी... नाही, थांब, उजेडात बघू दे." उत्तरतक्त्यात रंग पाचच: लाल, निळा, हिरवा, तपकिरी, जांभळा. आमसुली बरोबर धरायचा की चूक, हे बाईंनी सांगितलेलं नसतं.

बँकेतून निवृत्त झालेले काका संमतिपत्राची कोरी मागची बाजूसुद्धा वाचून काढतात आणि मगच सही करतात. एकदा सुरू झाले की मात्र डोळे बारीक करून अक्षरं पुसट करतात आणि सुसाट सुटतात. ही पळवाट जुनी आहे. काका खूश, प्रयोग वाया. बालवाडीतला भाचा तर न अडखळता सगळे रंग सांगून मोकळा होतो. त्याला अजून वाचताच येत नाही, तर शब्द अडवणार कसा? वॉचमन कार्ड निरखून विचारतो, "वाचायचं नाही, तर लिहिलंय कशाला?" प्रयोगाच्या मुळाशी इतक्या झटकन पोहोचणारा दुसरा प्रयोज्य तिला वर्षभरात मिळत नाही, पण वहीत या प्रश्नासाठी रकाना नसतो.

स्वतः प्रयोगकर्ती सूचना देते ती रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेच्या सुरात. "यात कोणतंही उत्तर बरोबर किंवा चूक नाही," हे वाक्य व्यक्तिमत्त्व चाचणीच्या पानावरून इथे आलेलं असतं. ते म्हणून झालं की ती लाल पेन उघडून चुका मोजायला बसते. शेवटी प्रयोज्याने आपल्या मनात काय झालं ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं. ते शब्दही तीच सांगते: "सुरुवातीला सोपं वाटलं, नंतर गोंधळ उडाला." तिच्या वर्गातल्या सगळ्या जर्नलांत हेच वाक्य सापडतं.

जर्नल सबमिट करायच्या आदल्या रात्री प्रयोज्य कमी पडतात आणि होस्टेलच्या खोलीत आकडे जन्माला येतात. ४० आणि ६०, ४२ आणि ६२, चुका शून्य. इथे मात्र तिची कीव करवत नाही. मानसशास्त्रातले भले भले निकाल पुन्हा पडताळताना डगमगले आहेत. म्हातारपणाशी जोडलेले शब्द वाचले की तरुण मुलं हळू चालतात, असं जॉन बार्ग आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलं. २०१२ साली ब्रुसेल्समध्ये इन्फ्रारेड सेन्सर लावून वेळ मोजली, तेव्हा फरक सापडला नाही. प्रयोग घेणाऱ्यांच्या मनात निकाल आधीच भरवला आणि हाती स्टॉपवॉच दिलं, तेव्हा मात्र सापडला! स्ट्रूपचा परिणाम इतका नाजूक नाही. जिन्यात, मोबाइलच्या घड्याळावर, शेजारच्या कुकरच्या शिट्टीतही तो मिळतो. खोटे आकडे जुळवायला लागतो तेवढ्या वेळात खरा प्रयोग उरकतो. शिवाय बाहेरून आलेल्या परीक्षक बाई आधी चुकांचाच रकाना बघतात. "वीसपैकी एकही प्रयोज्य चुकला नाही?" यावर काय म्हणायचं, ते मागच्या वर्षीच्या जर्नलात लिहिलेलं नसतं.

तेव्हा परीक्षेच्या दिवसांत अशी एखादी मुलगी कार्डं घेऊन दारात आली, तर तिला आत घ्या. चष्मा लावा, मनमोकळेपणाने चुका, आणि कृपा करून डोळे बारीक करू नका.