बीड केंद्रावर बोलायला जाताना

आकाशवाणीच्या बीड केंद्रावरून बोलावणं आलं की आधी विषय नीट वाचावा. ‘ग्रामीण जीवन आणि संस्कृती’ असा काही असेल तर घाबरू नये. त्यात सगळं बसतं, फक्त राजकारण बसत नाही. बीड जिल्ह्यातल्या माणसानं राजकारण वगळून वीस मिनिटं बोलायचं, ही खरी परीक्षा. सवय व्हावी म्हणून आठवडाभर आधीपासून हॉटेलात चहा पिणं बंद करावं.

आकाशवाणीची आचारसंहिता आहे. पक्षाचं नाव घेऊन हल्ला करायचा नाही. केंद्र किंवा राज्य सरकारवर वैरभावानं टीका करायची नाही. मित्रराष्ट्रांवरही टीका चालत नाही, पण आष्टी-पाटोद्याकडच्या माणसाचं मित्रराष्ट्रांशी सहसा भांडण नसतं. त्याचं भांडण नगर-नाशिकशी, तेही पाण्यावरून, आणि त्यांच्याबद्दल संहिता गप्प आहे. ही फट ओळखावी.

म्हणून नवशिक्यानं पाण्यावर बोलावं. जायकवाडीचा उजवा कालवा माजलगावच्या धरणात येतो आणि वर पाणी अडलं की खाली काय होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातलं ‘समन्यायी पाणीवाटप’ तोंडपाठ करून जावं. हे दोन शब्द उच्चारले की टीका होत नाही, माहिती होते. कार्यक्रम अधिकारी मान डोलावतात. गेवराईत ऐकणाऱ्याला मात्र तुम्ही कोणाचं नाव घेतलं नाहीत, ते बरोबर कळतं.

(१९५६ च्या सुरुवातीला पुणे केंद्रानं गावोगाव रेडिओ शेतकरी मंडळं बसवली होती. लोकांनी एकत्र ऐकायचं, चर्चा करायची, प्रश्न केंद्राला कळवायचे. नगर जिल्हा त्यात होता. आपण तेव्हा हैदराबाद राज्यात होतो, राज्यपुनर्रचनेचा नोव्हेंबर उजाडायचा होता. म्हणजे नगरला तेव्हाही आधी मिळालं. हे माइकसमोर बोलू नये.)

ऊसतोडीवर बोलायचं असेल तर दसऱ्याच्या आत प्रसारण मागून घ्यावं. नंतर कोयते कारखान्यांवर गेलेले असतात, गावात ऐकायला म्हातारी माणसंच उरतात. उचल, मुकादम हे शब्द चालतात. ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात म्हणून २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेही बोलता येतं, पण निवेदिका ‘महिलांनी आरोग्याची काय काळजी घ्यावी?’ असं विचारेल. काळजी कोणी घ्यायला हवी होती, याचं उत्तर त्याच प्रश्नाला जोडून द्यावं, थांबू नये. श्वास घेतलात की गाणं लागतं.

बाकी किरकोळ. कागद खडखडवू नये, माइकला ते फार आवडतं. ‘आम्ही शेतकरी बांधव’ असं तोंडातून निघालं की भाषण सुरू झालं समजावं आणि पाणी प्यावं. मानधनाची चौकशी जाताना एकदाच करावी.

प्रसारणाची वेळ परळीच्या मामांना कळवावी. ते ऐकतील आणि लगेच फोन करतील, “भाच्या, सगळं बोललास, त्याचं नाव तेवढं का घेतलं नाहीस?” सांगावं, “मामा, घेतलं होतं. त्यांनी कापलं.”