शिंकेवर ठरणारी शिकार

जंगलात फोटो काढणाऱ्यांत एक उतरंड असते. वाघवाले स्वतःला सगळ्यांत वरचे समजतात. पक्षीवाले त्यांना हिशेबात धरत नाहीत, कारण वाघ काय, जिप्सीतून कुणीही टिपतो. आणि जो आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांमागे जातो, त्याची दखल फक्त घरचे घेतात. विमानाचं तिकीट आणि भाड्याने आणलेली हातभर लांब लेन्स यांचा खर्च ऐकून आई म्हणाली, ‘‘कुत्रीच काढायचीत ना? मग चौकात काय कमी आहेत?’’

झिम्बाब्वेत झांबेझीकाठी माना पूल्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. बीबीसीच्या २०१८ च्या ‘डायनेस्टीज’ मालिकेत टेट आणि ब्लॅकटिप या रानकुत्र्यांतल्या मायलेकींचा जागेवरून झालेला वाद दाखवला होता, तो इथलाच. इथलं वैशिष्ट्य म्हणजे गाडीतून उतरून पायी हिंडता येतं. ताडोबात जिप्सीबाहेर कोपर गेलं तरी गाईड डोळे वटारतो. त्या संस्कारांत वाढलेल्याला हत्ती-सिंहांच्या मुलखात कुणी ‘‘उतरा’’ म्हटलं, की मन उतरतं, पण गुडघे गाडीतच राहतात.

तरी उतरलो आणि गाईडच्या मागोमाग पोटावर सरपटत गेलो. सावलीत टोळी झोपली होती. म्हणजे गाईड तसं म्हणाला. मला काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या ठिपक्यांचा एक ढीग दिसत होता. प्रत्येकाची नक्षी वेगळी असते आणि अभ्यासक त्यावरून एकेकाला ओळखतात, पण ढिगात एकाचं पोट कुठे संपतं आणि दुसऱ्याची पाठ कुठे सुरू होते, ते कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसलाही कळेना. शेवटी मी कान मोजून दोनने भागलं. ते गोल, थाळीएवढे कान मात्र झोपेतही माश्या हाकलत होते. जवळच्याचा पुढचा पंजा माझ्याकडेच पसरलेला होता. त्याला चारच बोटं. घरच्या कुत्र्याला असतं ते वरचं पाचवं बोट यांना नसतंच. वास मात्र पाच जणांना पुरेल एवढा.

ऊन कललं तशी एकेक जण उठली, आळस दिला, एकमेकांची तोंडं चाटत चिमण्यांसारखी चिवचिवली. मग शिंका सुरू झाल्या. हा सर्दीचा प्रकार नव्हे, मतदान आहे. बोट्स्वानातल्या टोळ्यांवरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. शिंका पुरेशा झाल्या की टोळी शिकारीला निघते. प्रमुख जोडीने पुढाकार घेतला असेल तर तीनेक शिंका पुरतात, सामान्य सभासदाने घेतला तर दहाएक लागतात. आमच्या सोसायटीची वार्षिक सभाही अशीच चालते, फक्त तिथे शिंकांची नोंद इतिवृत्तात होत नाही.

तेवढ्यात नाकात धूळ गेली आणि मलाही शिंक आली. सगळे कान माझ्याकडे वळले. आणि टोळी निघाली! माझं मत धरलं की कोरम आधीच पूर्ण झाला होता, कोण जाणे. गाईडच्या चेहऱ्यावरून मतदार यादीत माझं नाव नसावं.

ही कुत्री ताशी ६० किलोमीटरच्या वर धावतात आणि हातभर लांबीची लेन्स तशी वळत नाही. माझ्याकडे शेपटाच्या पांढऱ्या टोकांचा उत्तम संग्रह झाला. ते संपूर्ण आणि स्पष्ट आहेत, बाकी कुत्रं चौकटीबाहेर. शिकार झाल्यावर मोठ्यांनी बाजूला होऊन आधी पिल्लांना खाऊ घातलं, तेव्हा उजेड संपला होता.

सोपा फोटो हवा असेल तर मे ते ऑगस्टच्या सुमारास जा, असं तुम्हाला कुणी सांगेल. तेव्हा बिळात पिल्लं असतात आणि टोळी तिथेच घुटमळते. म्हणूनच तेव्हा बिळाकडे फिरकू नका. माणसांची वर्दळ वाढली की त्यांना पिल्लं तोंडात धरून दुसरं घर शोधावं लागतं, आणि साऱ्या आफ्रिकेत मिळून ही कुत्री उरलीत अंदाजे ६,६००. शेपटीचे फोटो हवेत तर माझ्याकडून न्या, भरपूर आहेत.