पुण्य तुमचं, जाळं त्यांचं

घरातला फिश टँक काढायचं ठरलं की त्यातल्या माशाचं काय करायचं, हा प्रश्न येतो. मारायला मन धजत नाही. मग प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरायचं, मासा त्यात घालायचा आणि पुलावरून नदीत सोडून द्यायचा. मुक्या जिवाला मोकळं केल्याचं समाधान घेऊन माणूस घरी येतो. या समाधानाची किंमत आज भीमेवरच्या उजनी धरणाच्या काठावरचा मच्छीमार मोजतो आहे. हे थांबलंच पाहिजे.

माशाचं नाव सकर. कुणी त्याला हेलिकॉप्टर मासाही म्हणतं. दुकानात तो विकला जातो तो ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून. बोटाएवढा, काळपट, ठिपक्यांचा, काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडत बसलेला. तेवढा असतो तोवर पोरं कौतुकानं बघतात. पण तो वाढतो, चांगला दीड फुटापर्यंत जातो. टाकी पुरत नाही, घाण वाढते, बाकीच्या माशांना जागा उरत नाही. दुकानदारानं विकताना यातलं अवाक्षर सांगितलेलं नसतं.

अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यातला हा मासा. तिथून तो भीमेत पोहत आलेला नाही. शोभेच्या माशांच्या धंद्यानं त्याला जगभर पोचवलं आणि हौसेनं तो नदीत उतरवला.

आता तो जाळ्यात कसा येतो ते बघा. संध्याकाळी लावलेलं नायलॉनचं जाळं पहाटे ओढायचं. वजन लागतं, हात खूश होतो. जाळं होडीत येतं आणि कळतं की निम्म्या फासांत सकर आहे. याच्या अंगाला मऊ खवले नाहीत, हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत आहे. पाठीवरच्या परात एक काटा, कल्ल्यांमागच्या दोन परांत दोन. धोका वाटला की हे तिन्ही काटे तो ताठ करतो आणि तसेच रोखून धरतो. धागा काट्यामागं गेला की पुढं ओढा नाहीतर मागं ओढा, मासा सुटत नाही. बोटं सोलवटतात. शेवटी कात्री घेऊन फास कापायचा. एक मासा, एक भोक. आणि एवढं करून हातात पडतं काय? बाजारात गिऱ्हाईक नसलेला मासा. जाळं विणायला बसायचा वेळ आणि नवा नायलॉन, दोन्ही मच्छीमाराच्या पदरचं.

काठावर फेकलेला सकर लवकर मरतही नाही. हवा गिळून पोटातून श्वास घ्यायची सोय त्याच्याकडे आहे, त्यामुळे तो पाण्याबाहेर कित्येक तास तग धरतो. काठाच्या मातीत तो खोल बिळं करतो. मादी तिथं शेकड्यांनी अंडी घालते आणि नर राखण करत बसतो. बिळांनी काठ पोखरले जातात ते वेगळंच. त्याला खाणारंही इथं फारसं कुणी नाही. पोर्तो रिकोत हा मासा गिळायला गेलेले पेलिकन घशात काटे अडकून मेल्याची नोंद आहे. उजनीच्याच भिगवणच्या पाण्यावर चित्रबलाक आणि राखी बगळे बघायला गाड्या भरून जाणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पुढं काय होऊ शकतं, ते मेक्सिकोत होऊन गेलंय. तिथलं इन्फिएर्निलो धरण एके काळी गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं देशातलं मोठं ठिकाण होतं. मासेमारी कशाची, तर तिलापियाची, म्हणजे आपल्या उजनीच्या चिलापीच्या भाईबंदांची. सकर शिरला आणि जाळ्यांत चिलापीऐवजी तोच भरू लागला. हजारो कुटुंबांची रोजीरोटी कोलमडली. तिथल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं सैतान मासा.

चिलापी तरी कुठं इथली, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, ती आफ्रिकेची, आणि वाम, मरळ, शिंगट्याची जागा तिनंही खाल्ली. पण चिलापी विकली जाते. इंदापूर, करमाळा, माढ्याच्या काठावर तिच्यावर चुली पेटतात. सकर त्या चुलीवरही हात टाकतो आहे, म्हणून ओरडायचं.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. उजनीत सकरला इतकं मानवलं कसं? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, पवना आणि इंद्रायणीतून भीमेत येतं आणि उजनीत साचतं. घाण पाण्यात प्राणवायू कमी. देशी मासे तिथं गुदमरतात, आणि हवा पिणारा सकर मजेत राहतो. तळाचा गाळ आणि शेवाळ हेच त्याचं जेवण. म्हणजे वरच्या शहरांनी खालच्या धरणात त्याच्यासाठी पाणीही तयार ठेवलं आणि ताटही वाढलं. नदी स्वच्छ केल्याशिवाय नुसते मासे उपसून हा प्रश्न सुटणार नाही, हे पुण्यातल्या पुढाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

पण नदी स्वच्छ होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचंही कारण नाही. बांगलादेशनं 2023 मध्ये सकरची आयात, पैदास आणि विक्री बंद केली. आपल्याकडे 2022 च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात 62-अ कलम आलं. परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार आणि बाळगणं यांवर अधिसूचना काढून बंदी घालायचा अधिकार केंद्राला मिळाला. सकरचं नाव त्या अधिसूचनेत हवं, आणि अंमलबजावणी दुकानाच्या दारापर्यंत हवी. थाई मांगूर या परक्या माशावर 2000 साली बंदी आली, तरी तो तळ्यातळ्यांत पोसला गेला. अखेर हरित लवादाचा बडगा बसल्यावर महाराष्ट्रात तो टनावारी काढून नष्ट करावा लागला. तो दोन दशकांचा उशीर सकरच्या बाबतीत परवडणारा नाही.

मच्छीमाराला सकर पाण्याबाहेर काढण्याचे पैसे द्या. किलोमागं दर ठरवा आणि काठावर वजन करून रोख द्या. सकर काढणं ही धरणाची साफसफाई आहे, आणि साफसफाईची मजुरी मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. काढलेला मासा खत किंवा माशांच्या खाद्यासाठी वापरता येईल का, हे मत्स्य विभागानं तपासावं. सांडपाण्यातला मासा असल्यानं आधी त्यातले जड धातू मोजावेत, मगच पुढचं बोलावं.

आणि घरात सकर असेल तर तो नदीत, तलावात, विहिरीत, कुठंही सोडू नका. जिथून घेतला त्या दुकानात परत न्या, नाहीतर मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. दुकानदार परत घ्यायला तयार नसेल तर त्याच्याकडून पुढचा मासा विकत घेऊ नका, आणि का घेत नाही ते त्याला तोंडावर सांगा.