हमखास सहा टक्के

सेटची जाहिरात निघाली की गाइडांना भरती येते. प्राध्यापकाची पात्रता ठरवणारी ही परीक्षा पुणे विद्यापीठ १९९५ पासून घेत आलंय, आता महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. पालघरच्या जव्हार-मोखाड्यात एम.ए. झालेल्या मुलामुलींपर्यंत ही गाइडं येतात ती बहुधा नाशिककडून, नाहीतर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून. मोखाड्याच्या डोंगरातलं पाणी मध्य वैतरणा धरणातून मुंबईला जातं, उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरची वाट बघतात आणि बदल्यात शहराकडून येतं ज्ञान, पुठ्ठा बांधणीचं. मुखपृष्ठावर ‘हमखास यश’ असतंच. कुठलं गाइड घ्यावं हे ठरवण्याआधी या हमीचाच हिशेब मांडून पाहायला हरकत नाही.

सेटला दोन पेपर, मिळून १५० प्रश्न, ३०० गुण. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे परीक्षा सोपी वाटते. पण खुल्या प्रवर्गाला ४० आणि राखीवला ३५ टक्के हा नुसता उंबरा आहे. तो ओलांडणाऱ्या सगळ्यांना आत घेत नाहीत. दोन्ही पेपर दिलेल्यांपैकी साधारण ६ टक्के पात्र ठरतात, तेही विषय आणि प्रवर्ग पाहून. म्हणजे उद्या सरकारने सर्वोत्तम गाइड प्रत्येक उमेदवाराला फुकट वाटलं आणि सर्वांनी ते तोंडपाठ केलं, तरी शंभरातले चौऱ्याण्णव घरीच. शंभर जणांना पावती फाडून सहा जणांना धान्य देणारा रेशन दुकानदार असता तर जव्हारच्या तहसीलवर एव्हाना मोर्चा गेला असता. प्रकाशकावर मोर्चा जात नाही, कारण नापास झालेला स्वतःलाच दोष देतो आणि पुढच्या वर्षी नवी आवृत्ती घेतो.

यावर म्हणतील, पास झालेल्यांनीही गाइडच वाचलं होतं ना! वाचलं असेल. नापास झालेल्यांनीही तेच वाचलं होतं. त्यांचे फोटो मात्र मागच्या पानावर छापत नाहीत. तेव्हा गाइड घ्यायचंच तर मुखपृष्ठ झाकून अनुक्रमणिका उघडावी. पूर्वी तीन पेपर होते. नेट या देशपातळीवरच्या परीक्षेचे २०१८ मध्ये दोन झाले, सेटचे पुढच्या वर्षी. २०१९ पासून पहिल्या पेपरात भारतीय तर्कशास्त्र आलं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती, अनुपलब्धी, शिवाय व्याप्ती आणि हेत्वाभास, म्हणजे फसवा युक्तिवाद. अनुक्रमणिकेत अनुपलब्धीच अनुपलब्ध असेल, तर माल जुना आणि कव्हर नवं. हेत्वाभासाचं प्रकरण असेल तर त्याचा उत्तम नमुना त्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सापडेल. दुसरी कसोटी अशी की, सेटच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची फुकट मिळतात. त्यातले दहा प्रश्न घेऊन गाइडात उत्तरं शोधावीत. ती सापडत नसतील आणि गाइड तरीही आठशे पानांचं असेल, तर ते वजनावर विकायला ठीक आहे.

संकेतस्थळाच्या गोष्टी पुण्यात ठीक, मोखाड्यातल्या खोडाळ्याच्या पलीकडे रेंज कुठे येते, हा आक्षेप खरा आहे. पण प्रश्नपत्रिका रोज उतरवायची नसते. जव्हारच्या झेरॉक्सवाल्याकडे एकदा छापून घेतली की चार-पाच जणांत वर्षभर पुरते, आणि हे काम कॉलेजच्या ग्रंथालयाने केलं तर तेवढंही नको. मराठीतून शिकलेल्यांना गाइडाशिवाय आधार नाही, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार. इंग्रजी संदर्भग्रंथ डोक्यावर मारून तो सुटत नाही. मात्र आधार एकच असेल तर तो जास्तच चोखंदळपणे निवडायला हवा, आणि नेमक्या याच वाचकाला सर्वांत घाईत केलेलं, अर्धवट भाषांतर झालेलं गाइड विकलं जातं. विद्यापीठाची क्रमिक पुस्तकं, एम.ए.च्या नोट्स आणि जुने पेपर एवढ्यावर पायाभरणी होते. गाइड त्यानंतर, उजळणीपुरतं, आणि तेही दोघा-तिघांत एक.

१८ जून २०२४ ला झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, त्याचं प्रकरण कुठल्याच गाइडात नव्हतं. पात्र ठरल्यावर काय, याचंही नसतं. तिथे बहुतेकांच्या वाट्याला तासिका तत्त्व येतं: तासाप्रमाणे मानधन, तेही महिनोन्‌महिने रखडलेलं, सुट्टीत शून्य. अशा माणसाकडे एक पात्रता असते, रिकामे महिने असतात आणि उधारी असते. प्रकाशकाला लेखक म्हणून आणखी काय हवं?