कंपनीचं डोकं, घरचे डोळे

सूरजागडच्या खाणीवर लागल्यापासून माझा साळा सुरक्षेच्या बाबतीत फार कडक झाला आहे. सकाळी सहा ते दुपारी दोन. तेवढ्या वेळात तो हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळतो, चमकणारं जॅकेट घालतो, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट चढवतो आणि कुणी विनागॉगल दिसला तर त्याला शिक्षकासारखा थांबवतो. मी स्वतः शिक्षक आहे आणि माझ्याने एवढं होत नाही. दोन वाजता सुट्टी झाली की तो एटापल्लीला घरी येतो, लुंगी नेसतो, अनवाणी अंगणात उकिडवा बसतो, लोखंडी पाइप डाव्या पायाच्या अंगठ्याखाली दाबतो आणि ग्राइंडर सुरू करतो.

"अरे, हेल्मेट, गॉगल कुठं गेलं?" मी विचारलं.

"ते कंपनीचं हाय ना भाऊजी. घरी कायले खराब करायचं?"

यात विनोद नव्हता. त्याने मला मालकीहक्काचा मुद्दा समजावून सांगितला होता. हेल्मेट कंपनीचं, म्हणून त्याच्या आतलं डोकंही शिफ्टपुरतं कंपनीचं. ते जपून वापरायचं आणि सुटताना जमा करायचं. अंगठा मात्र घरचा. घरच्या वस्तूला कोण जपतं?

मार्चच्या चार तारखेला राष्ट्रीय सुरक्षा दिवस असतो. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून. त्या आठवड्यात साळ्याला घोषवाक्य स्पर्धेत बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र त्याने फ्रेम करून आणलं आणि ते भिंतीवर लावायला प्लास्टिकच्या डुगडुगत्या खुर्चीवर एक पाय, खिडकीच्या चौकटीवर दुसरा पाय ठेवून, डोक्यावरच्या भिंतीत ड्रिल घातलं. सिमेंटची भुकटी सगळी डोळ्यांत. माझ्या बायकोने खुर्ची धरली होती. तिच्या हातात ते प्रमाणपत्रही होतं. भुकटीने डोळे मिटलेल्या भावाला तिने त्यावरचं घोषवाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. बहिणी अशा वेळी सोडत नाहीत.

आमच्या भागाला यंत्रांचा अनुभव कमी, असं बाहेरचे लोक म्हणतात. लोखंडाचा तर कमी नाही. ज्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकुरदेव बसतो, जिथे जानेवारीत यात्रा भरते, तो डोंगर आतून लोखंडाचाच आहे. १८८२ साली फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन भूशास्त्रज्ञाने चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडावर अहवाल लिहिला. तो वाचून जमशेटजी टाटांच्या डोक्यात पोलादाचं वेड शिरलं आणि मग ते वेड वळसा घेत जमशेदपूरला जाऊन बसलं. ते इथेच थांबलं असतं तर आज आमच्या घराघरांत चौथ्या पिढीचे फिटर असते आणि आजोबांनी नातवाच्या कानफटात मारून ग्राइंडरचं गार्ड लावायला शिकवलं असतं.

कारण हत्यार शिकवतो तो आजोबाच. कुऱ्हाडीचं पाहा. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं, की लाकूड फोडणाऱ्याच्या समोर उभं राहायचं नाही. फोडणारा पाय फाकवून उभा राहतो, दांडा सैल असेल तर पाण्यात भिजत घालतो, पातं उघडं टाकून जात नाही. हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही. कुऱ्हाडीला वडीलधारे आहेत. ग्राइंडर मात्र पोरका आला. खाण सुरू झाली, रस्त्यावर ट्रक वाढले, आलापल्ली ते एटापल्ली वेल्डिंगची दुकानं उगवली, आणि हे चार इंची चाकाचं यंत्र हार्डवेअरच्या दुकानातून थेट लुंगीपर्यंत पोचलं. सोबत एक पुस्तिका असते. सोळा भाषांत. त्यात मराठी नसते आणि माडिया तर नसतेच. त्यामुळे ती पुस्तिका लगेच उपयोगी पडते, चाक घासताना खाली अंथरायला.

आमच्या घरासमोरच एक फॅब्रिकेशनचं दुकान आहे. तिथले मिस्त्री हाताने कलावंत. दिलेल्या मापाची खिडकी ते डोळ्याच्या अंदाजाने जुळवतात आणि मग टेपने मोजून स्वतःचीच पाठ थोपटतात. नवीन मशीन आणलं की त्यांचा मुहूर्ताचा कार्यक्रम ठरलेला: नारळ, अगरबत्ती, आणि पान्याने गार्ड काढून टाकणं.

"गुरुजी, गार्ड असला का काम दिसत नाई ना जी."

"पण चाक फुटलं तर?"

"फुटन तं फुटन. फुटलं का दिसनच ना."

काढलेलं गार्ड त्यांनी वाया घालवलेलं नाही. ते उलटं करून स्टुलाजवळ ठेवलं आहे आणि येणारं-जाणारं गिऱ्हाईक त्यात बिडी विझवतं.

मी एकदा वहीत हिशेब मांडून त्यांना दाखवला. मास्तराला दुसरं काय येतं? चार इंची चाक म्हणजे साधारण १०० मिलिमीटर. मशीन मिनिटाला ११,००० फेरे घेतं. परीघ गुणिले फेरे केलं, तर चाकाची कडा ताशी २०० किलोमीटरच्या वर धावते. एटापल्लीहून आलापल्लीला जाताना आमची एसटी सगळा जीव लावूनही त्याच्या जवळपास जात नाही. ते चाक पोलादाचंही नसतं. दगडाचा चुरा, राळ आणि आत काचेच्या धाग्यांची जाळी. चाक तडकून तुकडा सुटला तर तो त्याच वेगाने निघतो, आणि तो बहुधा कापणाऱ्याच्याच दिशेने येतो. तिथेच नेमकं ते गार्ड असायचं.

मिस्त्रींनी वही शांतपणे पाहिली. म्हणाले, "गणित बरोबर हाय जी."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी चार इंची मशीनवर सात इंची चाक चढवलं. गार्ड नसल्याचा हाच फायदा, मोठं चाकही बसतं! मधलं भोक मोठं होतं, म्हणून वायसर घातले. सात इंची चाकावर कारखान्यानेच छापलेलं असतं, मिनिटाला ८,५०० फेऱ्यांच्या वर नको. इथे ते ११,००० घेत होतं. वहीतला हिशेब मी पुढे नेला: ताशी ३७० किलोमीटरच्या वर, आणि चाक बनलेलं सुमारे २८८ साठी. मी वही घेऊन निघालो, तेवढ्यात बायकोने माझा शर्ट मागून धरला. म्हणाली, "गणित नंतर सांगा. आधी भिंतीआड व्हा." घरात व्यावहारिक सुरक्षा अधिकारी तीच आहे.

चाकालाही मुदत असते, हे तर आमच्याकडे कुणी मानायलाच तयार नाही. भोकाभोवती पत्र्याची कडी असते, तिच्यावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. बनल्यापासून तीन वर्षं. राळ ओल धरते आणि सुटत जाते. आमच्या आषाढात तर भिंतीतून पाणी पाझरतं, दुकानातल्या चाकांची थप्पी फरशीवरच पडलेली असते. मिस्त्रींना मी कडीवरची तारीख दाखवली. ते म्हणाले, "दुधाच्या पिशवीवरबी लिवते, पण चहा तं होतेच."

आता सगळ्यात भयंकर प्रकार सांगतो, आणि यात मिस्त्रींचा काही दोष नाही. आमच्याकडे लाइन जाते. कापता कापता लाइन गेली की मशीन थांबतं, माणूस सुस्कारा टाकतो, मशीन खाली ठेवतो आणि तंबाखू मळायला बसतो. मागचं बटण मात्र पुढे सरकवून अडकवलेलंच राहतं. तास-दीड तासाने, सगळे त्या मशीनला विसरले असताना, लाइन येते. मग जमिनीवर पडलेलं ते ग्राइंडर आपल्या आपण उठतं, वळवळतं, वायर ओढत अंगणभर फिरतं. साळ्याच्या घरी हे घडलं तेव्हा कोंबड्या छपरावर, सासूबाई बाजेवर आणि साळा तुळशीवृंदावनावर होता. घोषवाक्याचा विजेता तुळशीच्या कुंडीला मिठी मारून ओरडत होता, "पिन काढा! कोणीतरी पिन काढा!" पिन कुठून निघणार? ती पिन नव्हतीच. वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून वर आगपेटीच्या काड्या खोचल्या होत्या. शेवटी सासूबाईंनी बाजेवरूनच उलथन्याने बोर्डाचं बटण पाडलं. बाईंना अक्षर येत नाही, पण मेन स्विच कुठे आहे ते येतं.

काही ग्राइंडरमध्ये आता अशी सोय येते, की लाइन परत आली तरी बटण नव्याने दाबल्याशिवाय चालत नाही. महाग असतात. साळ्याने त्यावर स्वस्त उपाय काढला आहे: लाइन गेली की तो मशीनवर पाटी उपडी घालतो.

लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावण्याचा एक नवा नाद आलापल्लीकडून आला आहे. आमचा भाग सागवानाचा. इथलं सागवान अयोध्येच्या मंदिरात आणि नव्या संसद भवनात लागलं, हे आम्ही पाहुण्यांना जेवणाआधी सांगतो. घरात उरलेली फळी असली की हात शिवशिवतातच. ते दातेरी पातं गाठीत अडकलं की मशीन उसळतं आणि मांडीकडे, गळ्याकडे येतं. एका हातात धरलेलं तर सुटतंच. बाजूची मूठ त्याचसाठी दिलेली असते. साळ्याच्या मशीनची मूठ सासूबाईंच्या नातवंडांच्या खेळात आहे. ती त्यांच्या मोटारसायकलचा ॲक्सिलेटर झाली आहे. लाकडासाठी करवत आहे, सुतार आहे, तो बिचारा दिवसभर रिकामा बसून आहे. पण सुताराने कापलं तर ठिणग्या कुठे उडतात!

ठिणग्यांचंच खरं आकर्षण. पोरं शाळा सुटल्यावर मिस्त्रींच्या दुकानासमोर रांगेत बसतात. माझ्या वर्गात ती तशी कधीच बसली नाहीत. या ठिणग्या आठ-दहा मीटर सहज जातात. पावसाळ्यात ठीक आहे. पण मोहफुलं गळायला लागली, तेंदूपत्त्याचा हंगाम जवळ आला, की सागाची सुकलेली पानं रस्त्यापर्यंत येऊन पडतात. अशा एका दुपारी कुंपणाचे खांब कापता कापता रस्त्याकडेचं गवत पेटलं. वनरक्षक दादा धावत आले. आग विझवून झाल्यावर त्यांनी मिस्त्रींना इतकं सुनावलं, इतकं सुनावलं, की शेवटी दोघांनाही तहान लागली आणि मिस्त्रींनी चहा मागवला. त्या दिवसापासून मात्र मिस्त्री उन्हाळ्यात पाण्याची बादली जवळ ठेवतात.

म्हणजे माणूस ऐकत नाही असं नाही. एका बाबतीत तर मिस्त्री माझ्याही पुढे आहेत. कुणी डिझेलचा रिकामा ड्रम गाईच्या गव्हाणीसाठी कापून मागितला तर ते हातही लावत नाहीत. दुप्पट पैसे दिले तरी नाही. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा वाईट, कारण आत वाफ उरते आणि एक ठिणगी पुरे होते, हे त्यांना कुणा मास्तराने शिकवलेलं नाही. ड्रम फुटल्याचा आवाज त्यांनी कधीतरी ऐकला आहे. डोळ्याचं काय, की तो फुटताना आवाज होत नाही.

डोळ्यात कण जाणं हा आमच्याकडे आजार मानतच नाहीत. त्यावर घरगुती इलाज आहेत आणि प्रत्येक गल्लीत तज्ज्ञ आहेत. कुणी पापणी उलटून रुमालाच्या टोकाने काढतो, कुणी आगपेटीच्या काडीने, आणि एक मावशी जिभेने काढतात. त्यांच्याकडे बाहेरगावचेही लोक येतात. लोखंडाचा कण बुबुळात रुतला तर एखाद्या दिवसातच त्याभोवती गंजाचं कडं धरतं. ते काढायला डॉक्टर, सुई आणि भिंग लागतं, आणि त्यासाठी जिल्ह्याचं ठिकाण गाठायचं म्हणजे अख्खा दिवस आणि रोजी दोन्ही बुडतात. साळ्याच्या डोळ्यात कण गेला तेव्हा तो आधी मावशींकडे गेला, मग एसटीने गडचिरोलीला. डॉक्टरांनी विचारलं, "काम करताना चष्मा घालत नाही का?" हा ताठ बसून म्हणाला, "सहा ते दोन घालतो."

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात फिरत्या यंत्राला आडोसा हवा म्हणून एक कलम होतं, आणि डोळ्यांसाठी तर स्वतंत्र, ३५ वं. खाणींसाठी १९०२ पासूनचं महासंचालनालय धनबादला बसलेलं आहे. पण कायद्याला कारखाना लागतो, खाण लागते, निदान फाटक तरी लागतं. साळ्याच्या अंगणाला तट्टा आहे.

मिस्त्रींच्या बाबतीत जे कायद्याला, वनखात्याला आणि माझ्या वहीला जमलं नाही ते त्यांच्या भाच्याने केलं. त्याने मामांच्या ठिणग्यांची रील काढली. संथ गतीत, मागे गाणं लावून. हजारो लोकांनी पाहिली, आणि खाली एकाने लिहिलं, "काका, म्हातारपणी आंधळे व्हाल." मिस्त्री दोन दिवस जेवले नाहीत. आंधळे होण्याचं काही नाही, पण काका? म्हातारपण? तिसऱ्या दिवशी ते गडद निळ्या काचेचा गॉगल घालून दुकानात उभे. भाच्याने सुचवलं, की गार्डपण लावा मामा, चकाकते ना, व्हिडिओत भारी दिसन. मिस्त्रींनी स्टुलाजवळचं गार्ड उचललं, राख झटकली, पुसलं, पान्याने आवळलं आणि पाइप कापून पाहिला.

मी वही न घेताच गेलो होतो. विचारलं, "मग? काम दिसतं का आता?"

"काम दिसते ना जी," मिस्त्री इकडेतिकडे पाहत म्हणाले, "पन बिडी कुठी विझवू?"