निकाल गंगावेशीत लागतो

मायक्रोसॉफ्ट संपली, असं आप्पांनी जाहीर केलं त्याला आता बरीच वर्षं झाली. मायक्रोसॉफ्टला अजून तसं कुणी कळवलेलं दिसत नाही. ॲपल त्यांच्या मते दोनदा संपली. दुसऱ्यांदा संपली ती २००७ साली, म्हणजे आयफोन निघाला तेव्हा. "बटनं न्हाईत त्याला. बटनाबिगर फोन म्हंजे डोळं झाकून गाडी मारण्यातला प्रकार." हे वाक्य आज त्यांच्यासमोर काढलं तर ते जराही गडबडत नाहीत. "मग? रस्त्यावर बघ की मर्दा. डोळं झाकूनच मारत्यात का न्हाई?"

आप्पा मत देत नाहीत. मत देणाऱ्याला उलटा प्रश्न विचारता येतो. आप्पा निकाल लावतात, पास किंवा नापास. क्वचित एखाद्याला एटीकेटी मिळते. ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटे चांद्रयान-२च्या विक्रमचा संपर्क तुटला तेव्हा सगळा देश हळहळत होता. आप्पांनी त्याला एटीकेटी दिली. २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा "सुटला त्यो विषय" एवढंच म्हणून ते दुधाचा ग्लास घ्यायला पुढे सरकले.

हे निकाल लागतात कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की रात्री इथे म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार काढून ग्लास हातात देतात. आप्पांच्या लेखी माणसाने तयार केलेली ही शेवटची निर्दोष यंत्रणा. "ह्यात मधी सर्व्हर न्हाई," ते फेस पुसत म्हणतात, "आन् म्हैस कवा अपडेट मागत न्हाई." मंगळवार पेठेतही असाच एक निकाल लावणारा आहे म्हणे, पण दोघांचं जमत नाही. एकाने नापास केलेलं दुसऱ्याने आधीच पास करून ठेवलेलं असतं. त्यात तो आयफोनवाला आणि आप्पा ॲन्ड्रॉइडचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाच्या फुटबॉल सामन्याला असते तेवढीच ईर्षा.

आप्पा एका बँकेत क्लार्क होते. हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर शाखांमधून लेजर पोस्टिंगची यंत्रं यायला लागली, तेव्हा संगणकाविरुद्धच्या मोर्चात दसरा चौकापासून बिंदू चौकापर्यंत घोषणा आप्पांनी दिल्या होत्या. आवाज होता त्यांना. पुढे यंत्र आलंच, आणि ते शिकायला पहिलं नाव आप्पांनी दिलं, कारण सबंध शाखेत एसी फक्त त्या यंत्राच्या खोलीत होता. आत जाताना चपला काढायला लागायच्या. अंबाबाईच्या देवळानंतर आपण चप्पल बाहेर काढून आत गेलो अशी जागा तीच, असं ते सांगतात. त्यात उपहास किती आणि भक्ती किती, हे मला आजवर कळलेलं नाही. मुलगा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचा उल्लेख ते 'आमचा फितूर' असा करतात.

निकाल लावायची त्यांची कसोटी एकच आहे: बिघडलं तर उद्यमनगरात दुरुस्त होतं का? कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे फौंड्र्या, लेथ आणि कुठलाही पार्ट बघून हुबेहूब दुसरा करून देणारे मेस्त्री. ५ ऑक्टोबर २०११ला दिल्लीत 'आकाश' टॅब्लेटचं थाटात उद्घाटन झालं. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडणार होता आणि विद्यार्थ्यांना त्याहून स्वस्त. मी भारावून कट्ट्यावर गेलो होतो. "खोलून बघितला का कुणी?" एवढंच आप्पांनी विचारलं. पुढे त्याचा पडदा बोट रुतवल्याशिवाय ऐकत नाही, बॅटरी टिकत नाही अशा तक्रारी छापून आल्या आणि गाजावाजा विरला. त्याच्याही आधी बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी गरिबांसाठी 'सिम्प्युटर' केला होता. कल्पना उत्तम, कौतुक जगभर, आणि खप काही हजारांचा. दोन्ही नापास. मी एकदा म्हणालो, "आप्पा, मोबाईल कुठे उद्यमनगरात दुरुस्त होतो? तरी तो चाललाच की." ते क्षणभरही थांबले नाहीत. "राजारामपुरीत हुतोय."

या कसोटीला एक पुरवणी आहे. जे पास झालं त्यात कोल्हापूरचा हात असतोच, फक्त शोधायला लागतो. आज फोन विकतात ते कॅमेऱ्याच्या जोरावर, आणि कॅमेरा म्हटला की आप्पा खरी कॉर्नरकडे बोट करतात. तिथे कॅमेऱ्याचं स्मारक आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच जोडायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी नाद सोडला नाही. दामल्यांना हाताशी धरून त्यांनी तो पुरा केला आणि त्यावर १९२० साली 'सैरंध्री' काढला. या गोष्टीपुढे माझंही काही चालत नाही. खरीच आहे ती. पण आप्पा तिथे थांबत नाहीत. स्टीव्ह जॉब्स नुसता विकायला हुशार, हे ते पुढे जोडतात.

१९ जुलै २०२४चा शुक्रवार हा आप्पांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. क्राउडस्ट्राइक या कंपनीने संगणकांच्या रक्षणासाठीच एक अपडेट पाठवलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. विमानतळ ठप्प झाले, आणि भारतात काही प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून मिळाले. त्या पासचा फोटो आप्पांनी मला तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा झूम करून. "अक्षर बघ. ही लाईन मारलीय बघ. ही माणसं लेजरवरची." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् तारीख ध्यानात घे. जयंत नारळीकरांचा वाढदिवस, जन्म हितलाच. कोल्हापूरच्या नादाला लागायचं न्हाई."

इथवर वाचून आप्पा म्हणजे नुसता करमणुकीचा कार्यक्रम, असं कुणाला वाटेल. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटायचं. पण एरियान रॉकेटची गोष्ट निघाली त्या रात्री मी जरा गप्प झालो. युरोपचं नवंकोरं एरियान-५ हे रॉकेट ४ जून १९९६ला उडालं आणि साधारण ३७ सेकंदांत भरकटून फुटलं. कारण हास्यास्पद वाटेल असं होतं. जुन्या एरियान-४ मधला प्रोग्रॅम तसाच उचलून बसवला होता. नव्या रॉकेटची आडवी गती जास्त, आणि ६४ बिटांतला तो आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबायचा होता. मावला नाही. दिशा सांभाळणारे संगणक बंद पडले. मी हे बिट-बाईटच्या भाषेत समजावत होतो. माझं बोलणं अर्ध्यावर तोडून आप्पा म्हणाले, "म्हंजे जुन्या लेजरचा रकाना पाच आकडी, आन् पार्टी झाली मोठी." इंजिनिअरिंग कॉलेजात हा धडा शिकवायला तास घेतात. "आमच्याकडं असलं व्हायचं. वरचा आकडा समासात लिवायचा, लाल शाईनं, आन् सही ठोकायची. त्यांच्या यंत्राला समासच दिला न्हाई कुणी."

वायटूकेचा हिशेब मात्र आमच्यात अजून मिटलेला नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे लिहायचे, त्यामुळे २००० साल उजाडलं की यंत्र त्याला १९०० समजणार, ही भीती होती. ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री आप्पा शाखेत ड्युटीवर होते. थर्मास, स्वेटर, आणि सगळ्या खात्यांच्या शिल्लक रकमा कागदावर छापून घेतलेल्या. बारा वाजले. बाहेर फटाके उडाले. आत काही झालं नाही. त्यांचा निकाल: नापास, फुसका बार. मी सांगतो, काही झालं नाही कारण त्याआधी काही वर्षं हजारो माणसं जुने प्रोग्रॅम ओळ-ओळ तपासून सुधारत बसली होती, आणि त्यात आपली पोरं खूप होती. आपल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना परदेशात गिऱ्हाईक मिळालं ते याच कामातून. त्या न झालेल्या घटनेवरच हिंजवडीतला फितुराचा फ्लॅट उभा आहे. आप्पा ऐकून घेतात. मग म्हणतात, "आरं, माझ्या कॅशमध्ये बी तीस वर्षं काही झालं न्हाई. मला कुणी दिलं डॉलर?" याला माझ्याकडे उत्तर नाही. कॅश जुळली तर बातमी होत नाही, हे खरंच आहे.

विज्ञानाच्या बातम्यांत त्यांचं दैवत एकच, जयंत नारळीकर. १९३८ साली जन्म कोल्हापुरात, वाढले बनारसला, शिकले केंब्रिजला, आयुका उभी केली पुण्यात. आप्पांच्या हिशेबात जन्माची नोंद तेवढी खरी, बाकी सगळ्या बदल्या. नारळीकरांनी फ्रेड हॉएल यांच्याबरोबर १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला आणि विश्व महास्फोटातून जन्मलं या कल्पनेवर शेवटपर्यंत शंका घेतली. आप्पांना त्यातली गणितं कळत नाहीत. मलाही नाहीत. पण त्यांच्या दप्तरी महास्फोट अजून 'पेंडिंग' आहे. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो केव्हाच मान्य केलाय, असं मी म्हटलं. "बहुमतानं काय हुतंय? आमच्या युनियनला बी बहुमत हुतं. कम्प्युटर आलाच न्हवं?"

नारळीकरांनी दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीला बरोबर घेऊन ज्योतिषाची जाहीर परीक्षा घेतली होती. दोनशे पत्रिका, निम्म्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या गतिमंद मुलांच्या. कुठली कुणाची, एवढंच ओळखायचं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका तपासून उत्तरं पाठवली. बरोबर आली ४६ टक्के. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, पण आप्पांचा चेहरा तसाच. "शेहेचाळीस? मग पास की. पस्तिसाला पास." मी म्हटलं, आप्पा, नुसतं नाणं उडवलं तरी पन्नास टक्के येतात. "मग नाण्याला सेकंड क्लास." नारळीकर पास, ज्योतिषी पास आणि नाणं पहिलं. घरी वहिनींचा एक ठरलेला ज्योतिषी आहे, आणि निकाल लावणाऱ्यालाही घरी जेवायचं असतं.

त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत एकच निकाल असा आहे, की त्यापुढे युरोपलाही मान खाली घालावी लागली. सप्टेंबर २०११ मध्ये बातमी आली: जिनिव्हाजवळच्या सर्नमधून इटलीतल्या ग्रान सासोकडे, सुमारे ७३० किलोमीटर, पाठवलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. आइन्स्टाइन चुकला म्हणून वाहिन्यांवर आरडाओरडा. आप्पा म्हणाले, "वायर हलवून बघा म्हणावं." टीव्ही बंद पडला, एटीएम अडकलं, मोडेम रुसला, काही झालं तरी आप्पांचा पहिला सल्ला हाच असतो. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी कबुली दिली, की वेळ मोजणाऱ्या यंत्रणेतली फायबर ऑप्टिकची एक जोडणी सैल होती. आप्पांनी त्या दिवशी कट्ट्यावर सगळ्यांचे पैसे दिले. असं त्यानंतर घडलेलं नाही.

एआयचा निकाल मात्र लांबलाय. फितुराने फोनवर एक एआय घालून दिलं, तेव्हा आप्पांनी त्याला पहिलाच प्रश्न पांढऱ्या रश्श्याचा विचारला. त्याने टोमॅटो घालायला सांगितलं. आप्पांनी झापलं, त्याने माफी मागितली. मग आप्पांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं, की पांढऱ्या रश्श्यात गूळ घालतात. त्याने पुन्हा माफी मागितली आणि गूळ घातला. आप्पा विचारात पडले. "ह्ये हुशार न्हाई आन् येडं बी न्हाई. ह्येला नोकरी टिकवायची हाय. असले आमच्यात दोन हुते, दोघं बी मॅनेजर झाले."

२०२४ साली मी व्हॉयेजरची बातमी घेऊन गेलो. सप्टेंबर १९७७ला निघालेलं व्हॉयेजर-१, आंतरतारकीय अवकाशात, पृथ्वीपासून तेव्हा २,४०० कोटी किलोमीटरवर. २०२३च्या शेवटी ते बरळायला लागलं. मेमरीतली एक चिप मेली होती. नासाच्या लोकांनी तिच्यातला प्रोग्रॅम तुकडे करून मेमरीत जिथे जिथे रिकामी जागा होती तिथे बसवला, आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा शुद्धीवर येऊन बोलायला लागलं. त्याची मेमरी एवढीशी, की माझ्या फोनमधला एक फोटो त्यात मावणार नाही. मी विजयी मुद्रेने विचारलं, "आता सांगा आप्पा. उद्यमनगरात न आणता, स्क्रू न काढता दुरुस्त केलं. तुमची कसोटी गेली की नाही?"

आप्पांनी ग्लास संपवला. दुसरा मागवला, हे नेहमीचं नव्हे.

"सत्त्याहत्तर म्हणालास?"

"हो."

"मी बी सत्त्याहत्तरलाच लागलो बँकेत." थोडा वेळ त्यांनी दूधवाल्याकडे बघितलं. "म्हंजे ह्याला अजून रिटायर केलं न्हाई. आन् निरोप पोचायला किती लागतंय म्हणालास?"

"इथून तिथे साडेबावीस तास. उत्तर यायला पुन्हा तेवढेच."

"पास," आप्पा म्हणाले. "आमच्या हेड ऑफिसला पंधरा दिवस लागायचे."